एका शहराची साक्ष

मार्सेल ओफ्युल्स यांचा 'ल शाग्रँ ए ला पित्ये' (दुःख आणि कणव) हा १९६९चा अनुबोधपट चार तासांहून अधिक चालतो, आणि त्यातील थोडेही गाळावे असे आम्हांस वाटले नाही. क्लेर्माँ-फेराँ या एकाच शहराच्या आधारे १९४० ते १९४४ या काळातील फ्रान्स येथे उभा राहतो. शेतकरी बोलतात, औषधविक्रेता बोलतो, हिटलरच्या एस.एस. पथकात गेलेला सरदार घराण्यातील गृहस्थही बोलतो. एका दुकानदाराने, आडनावामुळे लोक आपणांस ज्यू समजतील या भीतीने, तसे नसल्याची जाहिरात वर्तमानपत्रात दिली होती. त्याविषयी विचारताच त्याची जी सारवासारव सुरू होते, तीत या कृतीचे सारे बळ आहे. स्त्रियांची साक्ष मात्र फारच थोडी. ही उणीव खटकते. फ्रेंच दूरचित्रवाणीने १९८१पर्यंत हा पट दाखविला नाही, यात नवल ते काय?

बऱ्हाणपुरास राहणाऱ्यास येथे १६८१ आठवते. हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने बहादुरपुरा लुटला, ही हकिकत आपण विजय म्हणूनच वाचतो. लूट म्हणजे परचक्राचा अंमल नव्हे, वंशसंहार तर नव्हेच. तुलना ताणण्यात अर्थ नाही. परंतु येथील प्रतिष्ठितांनी औरंगजेबाकडे धाडलेल्या गाऱ्हाण्याची हकिकत खाफीखान देतो. त्या गाऱ्हाण्यामागील घाबरलेली माणसे आमच्या ऐतिहासिक कादंबरीत आम्हांस अद्याप भेटलेली नाहीत.