भरपाईची भाषा

शासननिर्णय, न्यायनिवाडे आणि पोलिसांनी टिपलेले जबाब यांचे वाङ्मयीन वाचन मराठी समीक्षेने फारसे केलेले नाही. कवितेतल्या एका प्रतिमेवर पानेच्या पाने खर्ची घालणारे आपले समीक्षक, ज्या मजकुरावर माणसाचे जगणे ठरते त्याकडे 'ते सरकारी आहे' म्हणून पाठ फिरवतात. दलित आणि आदिवासी स्त्रीविषयी बराच मजकूर याच कागदांवर लिहिला गेला आहे, आणि तो तिने लिहिलेला नाही. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीला कायद्याने देऊ केलेल्या भरपाईसंबंधीचे कागद मी येथे त्या नजरेने वाचतो आहे. भरपाई घ्यावी की नाही हा प्रश्न चळवळीत अजून दबक्या आवाजात विचारला जातो, त्यामुळे हे वाचन नुसते भाषेपुरते राहणार नाही.

प्रथम जबाब घेऊ. 'समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देते की' अशी त्याची सुरुवात असते. पुढे 'सदर इसमाने माझे इच्छेविरुद्ध जबरी संभोग केला' असे वाक्य येते. खेड्यातली कोणती बाई असे बोलते? दलित आत्मकथनातला 'मी' हा आपल्या साहित्याचा मोठा विजय मानला जातो, आणि ते रास्तच आहे. पण जबाबातही 'मी' आहे. तो 'मी' ठाण्यातल्या माणसाने लिहिलेला असतो आणि खाली अंगठा बाईचा असतो. पुढे खटला उभा राहतो तो शासन विरुद्ध आरोपी असा. त्यात ती पक्षकार नसते, शासनाची साक्षीदार असते. २०१५च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कलम १५-अ आले आणि पीडित व साक्षीदारांचे हक्क प्रथमच स्वतंत्रपणे नोंदले गेले, तेव्हा कुठे सुनावणीत तिचे म्हणणे ऐकून घेण्याची तजवीज झाली. या सगळ्या कागदांच्या ढिगात ती स्वतः अर्जदार म्हणून उभी राहते असा अर्ज फार तर एकच : भरपाईचा. आणि नेमका तोच अर्ज करायला तिला लाज वाटावी अशी व्यवस्था समाजाने करून ठेवली आहे.

२६ मार्च १९७२ला तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोघा पोलिसांनी अत्याचार केला. देश तो खटला त्या मुलीच्या नावाने ओळखतो. मी ते नाव येथे लिहीत नाही. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, १९७६मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर खुणा नाहीत, आरडाओरडा कोणी ऐकला नाही, म्हणजे संमती होती, असा निवाड्याचा रोख. १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. स्त्री संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३मध्ये कायदा बदलला : कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, असे ठरले. हे सर्व मोलाचेच आहे. पण ज्या मुलीमुळे देशाचा कायदा बदलला तिचे शासन काही देणे लागते, हा विचार त्या निवाड्यांत कोठे डोकावत नाही. सरकारी ठाणे, सरकारी गणवेश, सरकारी पगार, आणि देणे मात्र शून्य.

भरपाईच्या भाषेला माणसाचा चेहरा प्रथम दिसतो तो १९९४च्या एका निवाड्यात. फेब्रुवारी १९९३मध्ये घरकाम करणाऱ्या सहा स्त्रिया रांचीहून दिल्लीला मुरी एक्स्प्रेसने येत होत्या. गाडीत सैन्यातल्या सात जणांनी त्यांच्यावर अत्याचार केला. दिल्लीतल्या घरकामगार स्त्रियांच्या संघटनेने अर्ज केला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा स्त्रियांसाठी भरपाई मंडळ असावे, आरोपीला शिक्षा होवो वा न होवो मंडळाने भरपाई द्यावी, आणि ती ठरवताना वेदना, दुःख, धक्का, गरोदरपणामुळे बुडालेली कमाई आणि बाळंतपणाचा खर्च लक्षात घ्यावा. ही यादी मी पुन्हापुन्हा वाचली. तिच्यात अब्रू नाही. शील नाही, घराण्याचे नाव नाही. बुडालेली मजुरी आहे आणि बाळंतपणाचा खर्च आहे. आपल्या कथाकारांनाही जे सहसा साधत नाही ते त्या रुक्ष वाक्याने साधले आहे : त्याने त्या स्त्रीला कष्टकरी म्हणून पाहिले.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९५मध्ये, त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. एका विद्यार्थिनीने आपल्या प्राध्यापकाविरुद्ध केलेल्या तक्रारीत, खटला संपेपर्यंत त्याने तिला दरमहा १००० रुपये अंतरिम भरपाई द्यावी, असा आदेश झाला. बलात्कार हा घटनेच्या अनुच्छेद २१ने दिलेल्या जगण्याच्या हक्कावरचा घाला आहे असेही म्हटले गेले. तत्त्व पुढे गेले, पण भाषा मागे आली. अशा गुन्ह्याने स्त्रीचे अवघे मानस उद्ध्वस्त होते, असा सूर निवाड्यात आहे. न्यायाधीशांच्या कळवळ्यावर मला शंका घ्यायची नाही. परंतु उद्ध्वस्त झालेली बाई हीच खरी बाई, असा साचा एकदा पडला की जी दुसऱ्या दिवशी खुरपणीला गेली, जी साक्षीच्या वेळी रडली नाही, जी वकिलाला उलट प्रश्न विचारते, तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? आमच्या बायांना उद्ध्वस्त व्हायला सवड नसते. चूल पेटवावी लागते.

आता अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नियमांचे परिशिष्ट. १९९५च्या मूळ नियमांत 'विनयभंगा'साठी ५०,००० रुपये होते : निम्मे वैद्यकीय तपासणीनंतर, निम्मे खटला संपल्यावर. 'विनयभंग' या शब्दाकडे पाहा. भंगला तो विनय. जणू विनय ही बाईच्या घरातली काचेची वस्तू आणि सरकार तिची फूटतूट भरून देत आहे. २०१६च्या सुधारणेने पुष्कळ दुरुस्त केले. बलात्कारासाठी ५ लाख आणि सामूहिक बलात्कारासाठी ८ लाख २५ हजार रुपये ठरले. पाठलाग, चोरून पाहणे, अश्लील हावभाव अशा गुन्ह्यांत वैद्यकीय तपासणीची अट राहिली नाही. नियम १२च्या चौथ्या पोटनियमाने जिल्हा दंडाधिकाऱ्यावर सात दिवसांत साहाय्य पोहोचवण्याची जबाबदारी टाकली.

मात्र बलात्काराची रक्कम तीन हप्त्यांत वाटली गेली : निम्मी वैद्यकीय तपासणी व तिला दुजोरा देणाऱ्या अहवालानंतर, पाव आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर, उरलेली पाव खालच्या न्यायालयातला खटला संपल्यावर. म्हणजे डॉक्टर, फौजदार आणि न्यायाधीश असे तीन उंबरठे. पहिला उंबरठा सर्वांत अवघड. वैद्यकीय अहवाल बलात्काराला दुजोरा देतो म्हणजे काय करतो? जखमा नसल्या म्हणून संमती होती असे होत नाही, हे कायद्याने आता मान्य केले आहे. दोन बोटांची ती ओंगळ चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये धिक्कारली आणि २०२२मध्ये पुन्हा बजावावे लागले. १९७८च्या निवाड्यातून ज्या 'खुणां'ना हाकलून लावले त्याच खुणा परिशिष्टाच्या एका रकान्यात परत येऊन बसल्या आहेत.

तिसऱ्या हप्त्याची शब्दरचना मात्र कार्यकर्त्यांनी नीट वाचावी. तेथे खटला 'संपल्यावर' असे आहे, 'दोष सिद्ध झाल्यावर' असे नाही. हा फरक क्षुल्लक नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२२मध्ये करदात्यांच्या पैशाच्या गैरवापराची चिंता व्यक्त करून, या कायद्याखालची भरपाई दोष सिद्ध झाल्यावरच द्यावी असे मत मांडले. पैसे घेऊन फिर्यादी फिरतात, हा त्यामागचा युक्तिवाद. फिर्यादी का फिरतो, हे आपण जाणतो. ज्याच्या शेतावर मजुरीला जायचे त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची असते. पाणी त्याच्या वस्तीतून यायचे असते. पहिल्या आठवड्यात हातात पैसे असतील तर बाई गाव सोडून बहिणीकडे राहू शकते, एसटीचे भाडे देऊन तारखेला येऊ शकते. निकालानंतर, म्हणजे पाच-सात वर्षांनी, मिळणारा पैसा तिला साक्षीपर्यंत कसा टिकवील? मोटार अपघातात वारसांना काही रक्कम चालकाचा दोष सिद्ध न करता मिळावी ही तरतूद १९८८च्या कायद्यात आहे. तेथे मेलेल्याचे चारित्र्य कोणी विचारत नाही. नवऱ्याच्या अपघाताचा दावा लावणाऱ्या विधवेला 'पैशासाठी केली' असे कोणी म्हणत नाही.

राज्य शासनाने २०१३मध्ये 'मनोधैर्य' योजना आणली : २ लाख रुपये, विशेष प्रसंगी ३ लाख. २०१७मध्ये ती मर्यादा १० लाखांपर्यंत नेऊन काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दिले. रकमेबद्दल येथे बोलत नाही. नावाबद्दल बोलतो. मनाचे धैर्य! गुन्हा घडू दिला व्यवस्थेने, तपास रखडवला व्यवस्थेने, आणि कमतरता निघाली ती बाईच्या धैर्यात. योजनेच्या मथळ्यातच 'बळी पडलेल्या' आणि 'अर्थसहाय्य' हे शब्द आहेत. गारपिटीने पीक गेले तर पंचनामा होऊन 'नुकसानभरपाई' मिळते. मग तिलाच तेवढे साहाय्य का? साहाय्य देणाऱ्याच्या मर्जीचे असते, देणे चुकवावेच लागते.

येथे आपल्या इतिहासाकडे वळले पाहिजे, कारण मर्जी आणि देणे यांतला फरक महारांइतका कोणाला कळला असेल असे मला वाटत नाही. बलुते हा म्हणायला हक्क होता. प्रत्यक्षात ते दारोदार उभे राहून, शिळेपाके स्वीकारून, खालमानेने घ्यावे लागे. दया पवारांनी १९७८मध्ये आत्मकथनाला तेच नाव दिले, त्या शब्दात हे सारे येते. १९२८मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा बलुत्याच्या जागी सरकारने वसूल करून द्यावयाची रोख रक्कम ही त्यातली एक मुख्य मागणी होती. रोख, ठरलेली, गावाच्या लहरीवर न अवलंबणारी. पैसा मागितल्याने माणूस लहान होतो असे बाबासाहेबांना वाटले नाही. पैसा कोणत्या नात्याने येतो, हा त्यांचा प्रश्न होता.

म्हणून 'आम्हाला पैसे नकोत, न्याय हवा' ही मोर्चातली घोषणा मला खटकते. ती देणारे बहुधा पुरुष असतात. अब्रूला किंमत लावू नका, असे त्यांना म्हणायचे असते. पण अब्रू कोणाची? बाईच्या देहात समाजाची अब्रू ठेवण्याची रीत सवर्णांची. ती आपण का उचलावी? आपल्या कथा-कवितेतही अत्याचारित आई-बहीण पुष्कळदा येते ती मुलाच्या वा भावाच्या विद्रोहाला पेटवण्यापुरती. काडी ओढली की ती पानावरून निघून जाते. तिचे औषधपाणी, बुडालेले रोज, सुटलेली शाळा, चार वर्षे चाललेल्या तारखा यांची कथा आपल्याकडे फार थोडी आहे. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने केलेल्या योजनेत शिक्षणाची आणि रोजगाराची गेलेली संधी हे भरपाईचे निकष म्हणून लिहिले आहेत. बलात्कारासाठी किमान ४ लाख आणि कमाल ७ लाख हा तिचा आकडा. त्याच योजनेने रकमेचा तीन-चतुर्थांश भाग किमान तीन वर्षे मुदत ठेवीत ठेवायला सांगितले आहे. सासर-माहेर पैसा लुबाडील ही भीती खोटी नाही. तरीही प्रौढ बाईला स्वतःचे पैसे सांभाळता येणार नाहीत, हे गृहीत त्यात आहेच.

आणि जात? सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात म्हटले की स्त्री अनुसूचित जातीची आहे एवढ्यानेच अत्याचार प्रतिबंधक कायदा लागत नाही. तेव्हा कायद्यात गुन्हा जातीच्या 'कारणावरून' व्हावा लागे. २०१५च्या दुरुस्तीने, ती या समाजाची आहे हे 'माहीत असून' केलेला गुन्हाही पुरेसा ठरवला. जबाब टिपणाऱ्याने हे दोन शब्द गाळले तर कायद्याचे कलम गळते, आणि कलम गळले की परिशिष्टातली रक्कम गळते. जबाबाच्या भाषेचा प्रश्न हा असा थेट भाकरीशी येऊन भिडतो.

अर्ज लिहून देण्याचे काम बहुतेक ठिकाणी आपलेच शिक्षक आणि विद्यार्थी करतात. त्यांनी 'मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन मदत मंजूर करावी' हे वाक्य काढून टाकावे. त्याजागी गुन्हा नोंदल्याची तारीख लिहावी, नियम १२(४)खाली सात दिवसांत देय असलेली रक्कम अमुक दिवस उलटूनही मिळालेली नाही असे लिहावे, आणि अर्जाची प्रत जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवण्याची मागणी करावी. बाईला लिहिता येत असेल तर लेखणी तिच्याच हाती द्यावी. येत नसेल तर ती बोलेल तसे लिहावे, आणि अंगठा घेण्यापूर्वी सगळे तिला वाचून दाखवावे.