‘आपले सत्र समाप्त झाले आहे’ : वेब-प्रणालीतील कालमर्यादेची चिकित्सा (विशेष संदर्भ : पालघर व बोईसर-तारापूर परिसर)

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. दरम्यानच्या काळात शिष्यवृत्ती, दाखले, सातबारा अशी अनेक कामे संगणकाच्या पडद्यावर गेली. जव्हार-मोखाड्यातील विद्यार्थी असो वा तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा कामगार, अर्ज भरताना दोघांनाही एका वाक्याची धास्ती असते : ‘आपले सत्र समाप्त झाले आहे.’ प्रस्तुत लेखात या वाक्यामागील रचनेची चिकित्सा करावयाची आहे.

मुळात एचटीटीपी हा संकेत स्मृतिहीन आहे. प्रत्येक विनंती त्याला नवीच. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी कुकीची योजना केली आणि सर्व्हरला त्याच माणसाला पुन्हा ओळखणे सुकर झाले. ही ओळख कधीतरी पुसावीच लागते. बोईसरमधील एखाद्या सायबर कॅफेत एकाच संगणकावर दिवसभर अनेक जण बसतात. आधीच्याचे खाते उघडे राहणे परवडणारे नाही. तेव्हा कालमर्यादाच नको, असा येथे आग्रह नाही. आक्षेप आहे तो काळ मोजण्याच्या रीतीवर. पीएचपीमध्ये ही मर्यादा मूळतः १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे असते. टॉमकॅटमध्ये ३० मिनिटे. अनेकदा हा आकडा कोणी विचारपूर्वक ठरविलेला नसतो, तो बदलावयाचा राहून गेलेला असतो. शिवाय सर्व्हर मोजतो ते दोन विनंत्यांमधील अंतर. अर्जदार उत्पन्नाच्या दाखल्यावरील क्रमांक एकेक अंक पडताळून भरीत असला, तरी पुढील पानाचे बटण दाबेपर्यंत सर्व्हरच्या लेखी तो निष्क्रियच. सावकाश भरणारा, म्हणजे बहुधा प्रथमच भरणारा, यात हमखास सापडतो.

‘पृष्ठ कालबाह्य’ हा प्रकार थोडा निराळा. तेथे अर्जातील सुरक्षा-टोकन जुने झालेले असते, आणि लारावेलसारखी प्रणाली ४१९ हा क्रमांक पुढे करून मोकळी होते. सामान्य अर्जदाराने त्यातून काय बोध घ्यावा?

भाषेचा प्रश्न याहून गंभीर आहे. ‘सत्र’ म्हटले की विद्यार्थ्याला महाविद्यालयीन सहामाही आठवते, फार तर सत्र न्यायालय. शिष्यवृत्तीच्या अर्जावर हे वाक्य वाचून मुदतच संपली, असा समज झाल्यास नवल नाही. ‘बराच वेळ हालचाल न झाल्याने आपणांस पुन्हा प्रवेश करावा लागेल’ एवढे साधे मराठी लिहिण्यास कोणते तंत्रज्ञान आड येते?

२००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० या जागतिक निकषांत, वेळ संपण्यापूर्वी सूचना देऊन ती वाढविण्यास किमान २० सेकंदांचा अवधी देणे, हा मार्ग प्राथमिक ‘ए’ स्तरावर सांगितला आहे. पुन्हा प्रवेश केल्यावर भरलेली माहिती शाबूत असावी, ही अपेक्षा मात्र ‘एएए’ या सर्वोच्च स्तरावर आहे. भारतातील शासकीय संकेतस्थळांसाठीची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे ‘एए’ स्तर मानतात. परिणामी सारे रकाने पुन्हा भरावे लागणे नियमाच्या भाषेत दोषच ठरत नाही. आपल्याकडे हा क्रम उलट हवा. मोखाड्याहून एसटीने पालघरला आलेला मुलगा दाखल्याची झेरॉक्स काढावयास बाहेर गेला असेल, तर २० सेकंदांची सूचना रिकाम्या खुर्चीला मिळते.

भरलेला मजकूर ब्राउझरमध्ये साठविणे सोपे आहे. परंतु सामायिक संगणकावर त्यायोगे बँक खात्याचा क्रमांक पुढच्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडेल. म्हणून मसुदा सर्व्हरवरच, अर्जदाराच्या खात्याशी जोडून, रकाना भरताच जतन व्हावा. अशी जतन करणारी प्रत्येक विनंती अर्जदार अद्याप खुर्चीत आहे, हेही सर्व्हरला कळवीत राहते.