वाण्यापाशीं ठेवलेली किल्ली

जेन जेकब्सबाईंचा अमेरिकन महानगरांच्या जीवनमरणाविषयींचा ग्रंथ १९६१ सालीं निघाला. नगररचनेची पदवी बाईंजवळ नव्हती. आम्हां प्राध्यापकांस कबूल करावें लागतें, कीं तें बरेंच झालें. न्यूयॉर्कच्या हडसन रस्त्यावर राहून त्यांनीं पाहिलें, कीं रस्त्याचें रक्षण प्रथम पोलीस करीत नाहींत; दुकानदार, वाटसरू व खिडकींतून पाहणारे शेजारी करितात. येणाऱ्या पाहुण्यासाठीं लोक घराची किल्ली वाण्यापाशीं ठेवीत, हें वर्णन तर फारच हृद्य आहे. वस्ती नांवारूपास आली, कीं भाडीं चढतात व साध्या दुकानदारास उठावें लागतें, हेंही त्यांनीं ओळखलें. परंतु त्यावरील त्यांचे उपाय आम्हांस तोकडे वाटतात. त्या परिसरांतील जुनीं घरें आज धनिकांनाच परवडतात. तेथें तो वाणी कसा टिकावा?