धुरंधर, महादेव विश्वनाथ

(१८ मार्च १८६७–१ जून १९४४). विख्यात महाराष्ट्रीय चित्रकार, ग्रंथचित्रकार व कलाशिक्षक. वास्तववादी पद्धतीने लोकजीवनाचे चित्रण करणाऱ्या भारतीय चित्रकारांत त्यांची गणना अग्रभागी होते. जन्म कोल्हापूर येथे, पाठारे प्रभू कुटुंबात. शालेय शिक्षण तेथेच. १८९० च्या जानेवारीत त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या संस्थेत प्रवेश घेतला. जॉन ग्रिफिथ्स हे त्या वेळी संस्थेचे प्राचार्य होते. प्रत्यक्ष वस्तू वा व्यक्ती समोर ठेवून काटेकोर रेखाटन करण्याचा जो परिपाठ त्यांनी घालून दिला, तो धुरंधरांच्या कलेचा अखेरपर्यंत पाया राहिला. ‘हॅव यू कम, लक्ष्मी?’ या चित्राबद्दल त्यांना १८९५ मध्ये बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर लवकरच ते त्याच संस्थेत शिक्षक झाले. १९१० मध्ये मुख्याध्यापक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. ब्रिटिश सरकारने त्यांना ‘रावबहादूर’ हा किताब दिला.

देवदेवता, राजपुरुष वा इतिहासप्रसिद्ध घटना यांऐवजी घर, बाजार, रस्ता, सणसमारंभ यांतील साध्या माणसांना विषय करणारी चित्रपरंपरा यूरोपात सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी रूढ केली. फ्रान्समध्ये शार्दँ (१६९९–१७७९) याने स्वयंपाकघर, मोलकरीण, खेळात रमलेले मूल अशा विषयांना विलक्षण शांतता आणि गांभीर्य दिले. तर ग्रझ (१७२५–१८०५) याने कौटुंबिक प्रसंगांतून कथा व नीतिबोध मांडला. मुंबईच्या कलाशाळेत ही दृष्टी ब्रिटिश शिक्षकांमार्फत आली. पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) यांच्या पारशी घरांतील चित्रांत शार्दँशी जवळीक साधणारी निवांतता आढळते. धुरंधरांचा पिंड निराळा होता. एकट्या, अंतर्मुख व्यक्तीपेक्षा माणसांच्या मेळाव्यात त्यांचे मन अधिक रमे. तथापि ग्रझप्रमाणे त्यांनी प्रसंगावर बोध लादला नाही.

पाठारे प्रभूंच्या विवाहसमारंभाची त्यांची चित्रे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. वधूवर हे विषयाचे केंद्र खरे. परंतु चित्रकाराची नजर खिळते ती भोवतालच्या माणसांवर. लुगड्यांच्या चुण्या, दागिने, पगड्या, बसण्याउठण्याच्या लकबी यांतून एका विशिष्ट समाजाचे विशिष्ट काळातील जीवन उभे राहते. हा समाज त्यांचा स्वतःचा होता. कोणती स्त्री कोठे बसेल, कोण किती अंतर राखून उभा राहील, हे त्यांना विचारावे लागत नव्हते. त्यांच्या असंख्य द्रुतरेखाटनांतही हीच सहजता आहे. पत्नी गंगूबाई यांची घरगुती कामकाजातील व विश्रांतीतील रेखाटने त्यांनी वर्षानुवर्षे केली. प्रदर्शनासाठी सजवलेल्या पुष्कळ तैलचित्रांपेक्षा ती अधिक जिवंत आहेत. किंबहुना धुरंधर हे रंगाहून रेषेचे अधिक समर्थ कलावंत होते, असेच म्हणावे लागते. त्यांच्या तैलचित्रांत रंग बहुधा रेखाटनाच्या मागून चालतो. जलरंगांत मात्र दोहोंचा मेळ चांगला जमतो.

ग्रंथचित्रांमुळे त्यांचे नाव दूरवर पोहोचले. मुंबईचे पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्‌झ यांचे बाय-वेज ऑफ बाँबे (१९१२) आणि सी. ए. किंकेड यांनी महाराष्ट्रातील व्रतकथा इंग्रजीत आणलेले डेक्कन नर्सरी टेल्स (१९१४) ही पुस्तके त्यांनी सजविली. पैकी दुसरे विशेष उल्लेखनीय होय. श्रावणातील कहाण्या ऐकत वाढलेल्या चित्रकाराने त्या कहाण्यांतील राजाराणी व गरीब ब्राह्मण आपल्या ओळखीच्या घराअंगणांत वावरताना दाखविले आहेत.

ऑटो रॉथफील्डच्या विमेन ऑफ इंडिया (१९२०) या ग्रंथातील त्यांच्या ४८ रंगीत चित्रांबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. येथे भारतीय स्त्री जात, प्रांत व पोशाख यांनुसार एकेकटी उभी केलेली आहे. रेखाटन निर्दोष आहे, वस्त्रांचे तपशील आज वेशभूषेच्या अभ्यासकाला उपयुक्त आहेत. पण व्यक्तीचा येथे नमुना झाला आहे. राज्यकर्त्यांना प्रजेचे वर्गीकरण हवे होते, त्याला चित्रकाराचे कौशल्य साहाय्यभूत झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी पोस्टकार्डांसाठी काढलेली मुंबईकरांची चित्रेही याच वळणाची आहेत. तथापि त्यांत मिस्कील विनोद असल्याने त्यांतील माणसे नमुना होता होता वाचतात. हा फरक लक्षात न घेता धुरंधरांचे सर्वच लोकजीवनचित्रण एका मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल.

पौराणिक व ऐतिहासिक चित्रांनीही त्यांना मोठी लोकप्रियता मिळवून दिली. औंधच्या संग्रहात शिवचरित्रावरील त्यांची चित्रे आहेत. नवी दिल्लीच्या सचिवालयासाठी त्यांनी न्यायदानविषयक भित्तिचित्रे रंगविली. मुद्रित चित्रांद्वारे त्यांच्या देवदेवता मध्यमवर्गीयांच्या भिंतींवर पोहोचल्या. या चित्रांची रचना भारदस्त आहे, परंतु मुख्य पात्रे पुष्कळदा रंगभूमीवरील नटांसारखी भासतात. तीच चित्रे जमावापाशी आली, की चित्रकार पुन्हा आपल्या घरी परततो.

बंगाली पुनरुज्जीवनवादी संप्रदायाच्या पुरस्कर्त्यांनी मुंबईच्या वास्तववादी कलेला परकीयांचे अनुकरण मानले. हा आक्षेप तंत्रापुरता खरा आहे. छायाप्रकाश, यथादर्शन, शरीररचना या गोष्टी धुरंधरांनी यूरोपीय शिक्षणातूनच घेतल्या. परंतु त्यांच्या आधारे त्यांनी जे टिपले ते मुंबई-महाराष्ट्रातील जीवन, आणि त्यातील कितीतरी आता केवळ त्यांच्या चित्रांत उरले आहे. उलट, अजिंठ्याच्या वळणाने जाणारी त्यांच्या समकालीनांची पुष्कळ चित्रे स्वतःच्या काळाविषयी फारसे काही सांगत नाहीत.

कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे (१९४०) हे त्यांचे आत्मचरित्र कलाशाळेच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. त्यात संस्थेच्या आठवणी विपुल आहेत, स्वतःच्या कलेची चिकित्सा अल्प. त्यांची कन्या अंबिका धुरंधर (१९१२–२००९) याही चित्रकार होत्या व वडिलांच्या चित्रांचा ठेवा त्यांनी सांभाळला. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१८ मध्ये धुरंधरांच्या कलाकृतींचे मोठे प्रदर्शन भरले. त्यात तैलचित्रांच्या बरोबरीने रेखाटने, पोस्टकार्डे व मुद्रित चित्रेही मांडण्यात आली होती.