जंगलाच्या वाक्यात कर्ता कोण?

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ला 1983 साली साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. वानरांच्या टोळीत सत्ता कशी पालटते ते मराठी वाचकानं डोळे विस्फारून वाचलं. वाचावंच. पण वानरांची सत्ता ज्याला एवढी कळते, तोच वाचक जंगलात माणसांपैकी कुणाची सत्ता चालते हे विचारत नाही. आपल्याकडचं जंगलावरचं बरंचसं लेखन विश्रामगृहाच्या व्हरांड्यातून झालं. मोळी घेऊन जाणारी बाई त्यात झाडझुडपासारखी येते. तिचं मत येत नाही.

म्हणून या खेपेला कथा-कादंबरी बाजूला ठेवू आणि कायदाच साहित्यकृतीसारखा वाचू. शाळेत मास्तर विचारायचे, वाक्यात कर्ता कोण, कर्म कोण? तेच विचारू.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा घ्या. अभयारण्य जाहीर करणार सरकार, हक्कांची चौकशी करणार जिल्हाधिकारी, आत जायची परवानगी देणार मुख्य वन्यजीव रक्षक. कर्ते हे. ज्याला अडवायचं, हलवायचं, तो माणूस कर्म. 1973 साली व्याघ्र प्रकल्प आला. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपलं मेळघाट होतं. तिथल्या कोरकूंना ‘हे करू का?’ असं विचारायला लावणारं एकही कलम नव्हतं.

आणि वाघ तरी राहिला का? 2005 साली राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघडकीस आलं. साहेबाचा पहारा होता, गाव पाहुण्यासारखं लांब होतं, शिकारी शिरायचे ते शिरले. मग सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली टास्क फोर्स बसला. माणसांना वगळून वाघ वाचणार नाही, हे दिल्लीला तेव्हा उमगलं.

2006 साली व्याकरण बदललं. वन्यजीव कायद्यात 38 व्ही कलम घातलं गेलं. कोअरमधून गाव हलवायचं तर माणसांच्या वावरानं भरून न येणारं नुकसान होतं आणि एकत्र राहण्याचा दुसरा मार्गच नाही, हे आधी सिद्ध करायचं. तेही तिथल्या लोकांची संमती घेऊन आणि जाणकारांशी बोलून. वर ग्रामसभेची, सगळं समजून आणि दबावाविना दिलेली संमती हवी. त्याच साली वनहक्क कायदा आला. त्याचं कलम 5 म्हणतं, जंगल आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेचा. ग्रामसभा पहिल्यांदा कर्ता झाली. कर्नाटकात बिळिगिरी रंगन डोंगरातल्या सोलिगांना 2011 साली व्याघ्र क्षेत्राच्या आत सामूहिक हक्क मिळाले. तिथं वाघ संपले नाहीत.

पण कागदावरचा कर्ता तोंडानं बोलतो का? 19 जून 2024 ला राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचं राज्यांना पत्र गेलं. कोअरमध्ये 591 गावं, 64,801 कुटुंबं. हलवण्याचं काम प्राधान्यानं घ्या, मुदत आखा. मुदत आधी आणि संमती मागून! लग्नाची तारीख छापून झाल्यावर पोरीला विचारायचं, तसलंच हे.

दुसरा फसवा शब्द ‘लोकसहभाग’. बफरमधल्या एका गावातली समितीची बैठक मी पाहिली. सचिव खात्याचा. ठराव आधीच लिहून आणलेला. आमच्या वस्तीतली, पहाटे मोहफुलं वेचायला जाणारी म्हातारी दाराजवळ बसलेली. अंगठा देताना म्हणाली, ‘‘बाबू, वाघ कुठून येते ते मले ठाऊक हाये, पन इचारलं कोनी?’’ हिला वाघानं उचललं तर नुकसानभरपाई मिळेल. जिवंतपणी मात्र मत नाही. सहभाग म्हणजे दुसऱ्याच्या वाक्यात विशेषण होणं.

आता घरचं बोलू, मित्रांनो. ‘गावाला द्या’ म्हणताना बाबासाहेब विसरू नका. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत त्यांनी खेड्याची जी चिरफाड केली, ती ग्रामसभेला लागू नाही काय? मेंढा-लेखाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 साली बांबूचे वाहतूक पास ग्रामसभेच्या हाती आले. निर्णय सर्वसहमतीनं. सलाम. पण मेंढा जवळजवळ सगळं गोंडांचं. जिथं गाव जातीनं चिरलंय, तिथं सर्वसहमती म्हणजे पाटलाची मान हलणं.

वनहक्क समितीत दोन तृतीयांश जागा आदिवासींच्या. तो त्यांचा हक्क आहे, त्यांच्याशी आपलं भांडण नाही. पण बौद्धवाड्यासाठी एक जागाही राखून ठेवलेली नाही. आपण ‘इतर पारंपरिक वननिवासी’. आपल्याला 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ज्याच्या आज्याला सातबारा दिलाच नाही, त्याच्या नातवाला विचारतात, कागद दाखव!

तरी हातपाय गाळू नका. नियम 13 वाचा. दावेदार सोडून इतर म्हाताऱ्यांचा लेखी जबाब चालतो. जुनी विहीर चालते, मसणवटा चालतो. वेगळी खोदायला लावलेली विहीर आणि वेगळा ठेवलेला मसणवटा आता आपली साक्ष देतील. गावकुसाबाहेर ठेवल्याचा एवढा तरी उपयोग!

म्हणून कविता लिहा, पण हेही करा. वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे जबाब लिहून काढा. कोरमला निम्मी माणसं लागतात, त्यांत एक तृतीयांश बाया. आपल्या बायांना दाराजवळून पुढं आणा. ठराव वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही, हे आधी ठरवा. दादासाहेब गायकवाडांच्या मागं 1959 आणि 1964 साली भूमिहीन माणसं जमीन मागत तुरुंगात गेली. जंगलाचा प्रश्न त्याच सत्याग्रहाचा राहिलेला भाग आहे.

वाघ जगला पाहिजे. कसा जगवायचा, हे ठरवताना ती म्हातारी कर्ता असली पाहिजे. जय भीम.