संशोधकाची ओळख : नाव, क्रमांक आणि गुणांक

शास्त्रज्ञाची ओळख पूर्वी त्याच्या शोधनिबंधांतून, त्याच्या विद्यार्थ्यांकडून आणि परिषदांतील प्रत्यक्ष भेटींतून होत असे. गेल्या वीस वर्षांत या ओळखीचा बराचसा भाग इंटरनेटवर गेला आहे. एखाद्या प्राध्यापकांचे नाव संगणकावर टंकले की त्यांचे छायाचित्र, संस्था, निबंधांची यादी आणि बाजूला काही आकडे असे एक पान समोर येते. पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधणारा विद्यार्थी ते पान पाहतो, निवड समिती पाहते आणि विज्ञानदिनाला पाहुणा बोलावू पाहणारी शाळाही पाहते. परंतु हे पान कोण तयार करतो, त्यातील कोणती माहिती कोणी तपासलेली असते आणि त्यावरील आकडा नेमके काय मोजतो, याची चिकित्सा आपल्याकडे फारशी होत नाही. एखाद्या पाठ्यपुस्तकाचे परीक्षण करावे, तसे या पानांचे परीक्षण आम्ही येथे करणार आहोत. त्यासाठी ऑर्किड, गूगल स्कॉलर आणि रिसर्चगेट ही तीन प्रचलित साधने निवडली आहेत.

नावाचा घोळ

प्रथम नावाकडे वळू. डॉ. कमला सोहोनी यांचे नाव आपल्या वाचकांना परिचित आहे. १९३९ साली त्यांनी केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. वनस्पतींच्या ऊतींतील सायटोक्रोम-सी या प्रथिनासंबंधीचे त्यांचे काम त्या काळातले. त्या निबंधांवर आडनाव आहे ‘भागवत’. विवाहानंतर मुंबईत त्यांनी नीरा व कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांवर जे संशोधन केले, ते ‘सोहोनी’ या नावाने ओळखले जाते. केवळ ‘सोहोनी’ एवढे नाव देऊन शोध घेणाऱ्या संगणकाला केंब्रिजचे काम सापडणार नाही. माणूस एक, पण याद्या दोन.

याच्या उलट अडचणही आहे. शोधनिबंधांच्या सूचींत पहिले नाव पुष्कळदा आद्याक्षरापुरतेच येते. त्यामुळे सुनील जोशी, संध्या जोशी आणि शरद जोशी हे सारे ‘एस. जोशी’ होतात. माणसे तीन, पण यादी एक! त्यात रोमन लिपीतील स्पेलिंगची भर. ‘क्षीरसागर’ हे आडनाव चार जण चार तऱ्हांनी लिहितात. वडिलांचे नाव मध्ये घालायचे की नाही, यालाही नियम नाही.

या घोळावर उपाय म्हणून १६ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘ऑर्किड’ ही व्यवस्था सुरू झाली. ती ना-नफा तत्त्वावर चालते आणि व्यक्तीला विनामूल्य मिळते. प्रत्येक संशोधकाला सोळा अंकी क्रमांक मिळतो. आडनाव बदलले, संस्था बदलली, देश बदलला तरी क्रमांक तोच राहतो. एका क्रमांकाखाली नावाची सर्व रूपे नोंदवता येतात.

या क्रमांकाची रचना वर्गात शिकवण्याजोगी आहे. पहिले पंधरा अंक हा मूळ क्रमांक. सोळावा हा तपासणीचा अंक. तो असा काढतात : शून्यापासून आरंभ करावा. डावीकडून एकेक अंक मिळवावा आणि प्रत्येक वेळी आलेल्या बेरजेची दुप्पट करावी. शेवटच्या संख्येला ११ ने भागून येणारी बाकी १२ मधून वजा करावी. उत्तर १० आले तर शेवटी ‘एक्स’ लिहितात आणि ११ आले तर शून्य.

ऑर्किडने स्वतःच नमुना म्हणून दाखवलेला क्रमांक घेऊ : ००००-०००२-१८२५-००९७. पहिले सात अंक शून्य असल्याने बेरीज शून्यच राहते. पुढे २ आला, दुप्पट ४. मग १ मिळवून दुप्पट १०. ८ मिळवून दुप्पट ३६. २ मिळवून ७६. ५ मिळवून १६२. दोन शून्यांमुळे ३२४ आणि ६४८. शेवटी ९ मिळवून दुप्पट १३१४. याला ११ ने भागले की बाकी ५ उरते. १२ वजा ५ म्हणजे ७, आणि सोळावा अंक ७ च आहे. आता १८ ऐवजी चुकून ८१ टंकले, तर शेवटची संख्या १७६२ येते, बाकी २ आणि तपासणीचा अंक ‘एक्स’. म्हणजे अंकांची अदलाबदल संगणकाच्या ताबडतोब लक्षात येते.

पण हा क्रमांक आहे कोणाचा? जोसाया कार्बेरी यांचा. हे अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाचे प्राध्यापक. त्यांचा विषय ‘सायकोसिरॅमिक्स’, म्हणजे तडा गेलेल्या भांड्यांचा अभ्यास. इंग्रजीत तडा गेलेले भांडे म्हणजे चक्रम माणूस. हे प्राध्यापक कधी जन्मालाच आलेले नाहीत. १९२९ पासून त्या विद्यापीठात चालत आलेली ती एक थट्टा आहे. ऑर्किडने ती उघडपणे नमुन्यासाठी वापरली आहे, तेव्हा त्यात फसवणूक काहीच नाही. मात्र त्यातून एक मुद्दा स्पष्ट होतो. तपासणीचा अंक क्रमांक बरोबर टंकला आहे एवढेच सांगतो. तो धारण करणारा माणूस खरा आहे की नाही, त्याचे काम चांगले आहे की नाही, हे सांगत नाही. ऑर्किड तसा दावाही करत नाही. उलट पानावरील प्रत्येक नोंद स्वतः संशोधकाने केली की एखाद्या संस्थेने, हे तेथे दाखवलेले असते. आपले काम किती, याची मर्यादा ओळखून केलेली ही रचना आहे आणि म्हणून आम्हांला ती तिन्हींत सरस वाटते.

गुणांकाची परीक्षा

गूगल स्कॉलर ही शोधसेवा २००४ मध्ये सुरू झाली आणि २०११ मध्ये तिने संशोधकांना स्वतःचे पान उघडण्याची सोय सर्वांसाठी खुली केली. तिचे उपकार मोठे आहेत. महागड्या सूची विकत घेणे ज्यांना परवडत नाही, अशा महाविद्यालयांतील शिक्षकांना तिने निबंधांचे भांडार मोकळे केले. सशुल्क सूचींत न येणारे प्रबंध, पुस्तके आणि परिषदांतील निबंधही ती शोधते. पण पानाच्या बाजूला ती ‘एच-निर्देशांक’ हा आकडा छापते, आणि बहुतेकांची नजर तेथेच थांबते.

हा निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. एखाद्याच्या निबंधांपैकी ‘एच’ इतक्या निबंधांचा प्रत्येकी निदान ‘एच’ वेळा इतरत्र संदर्भ आला असेल, तर त्याचा निर्देशांक ‘एच’. समजा, पाच निबंधांचे संदर्भ अनुक्रमे १०, ८, ५, ४ आणि ३ आहेत. चार निबंधांना निदान चार संदर्भ आहेत, पण पाचही निबंधांना पाच नाहीत. म्हणून निर्देशांक ४. आता दुसऱ्या एकाचे दोनच निबंध आहेत आणि त्यांना ५००० व ३००० संदर्भ आहेत. त्याचा निर्देशांक फक्त २! दोन निबंधांचा निर्देशांक दोनच्या वर जाऊच शकत नाही. थोडक्यात, हा आकडा सातत्याने पुष्कळ लिहिणाऱ्याला झुकते माप देतो. १९६४ साली आपली प्रसिद्ध कल्पना मांडणारे पीटर हिग्ज यांनी त्यानंतर दहापेक्षाही कमी निबंध प्रसिद्ध केले. आजच्या व्यवस्थेत आपल्याला नोकरी मिळाली नसती, असे त्यांनी २०१३ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारण्याच्या सुमारास म्हटले होते.

झुकते माप हा एक दोष झाला. त्याहून गंभीर प्रश्न असा, की हा आकडा बनावट रीतीने तयार करता येतो का? २०१० मध्ये ग्रनोबलचे संगणकशास्त्रज्ञ सिरिल लाबे यांनी याचे उत्तर प्रयोगाने दिले. त्यांनी ‘आइक अँटकेअर’ नावाचा संशोधक कल्पिला आणि निरर्थक मजकूर जुळवणाऱ्या एका संगणक-कार्यक्रमाकडून त्याच्या नावे शंभराच्या आसपास निबंध तयार करवून घेतले. प्रत्येक निबंध इतरांचा संदर्भ देत होता. गूगल स्कॉलरने ते सारे मोजले आणि अँटकेअर यांचा निर्देशांक ९४ झाला. अल्बर्ट आइन्स्टाइन मागे पडले.

दोन मांजरांची साक्ष

ही त्रुटी नंतर दूर झाली असेल असे वाटेल. तसे झाले नाही. २०२४ मध्ये रीस रिचर्डसन आणि निक वाइज या अभ्यासकांना संदर्भ विकत देणाऱ्यांची एक जाहिरात दिसली. ही युक्ती किती सोपी आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी लॅरी नावाच्या मांजराला गणितज्ञ केले. लॅरीच्या नावे बारा निरर्थक निबंध तयार केले आणि या बाराही निबंधांचा संदर्भ देणारे आणखी बारा निबंध बनवले. सर्व निबंध रिसर्चगेट या संकेतस्थळावर ठेवले. गूगल स्कॉलरने ते उचलले आणि लॅरीच्या नावावर १३२ संदर्भ व ११ हा निर्देशांक जमा झाला.

लॅरीने ज्याला मागे टाकले तेही एक मांजरच होते. १९७५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाचे जॅक हेदरिंग्टन यांनी हीलियम-३ विषयीचा एक निबंध ‘आम्ही’ असे म्हणत लिहिला. लेखक एकच असताना ‘आम्ही’ चालणार नाही, असे एका सहकाऱ्याने सांगितले. त्या काळी सारा निबंध पुन्हा टंकावा लागला असता. त्यापेक्षा हेदरिंग्टन यांनी आपल्या मांजराचे नाव ‘एफ. डी. सी. विलर्ड’ असे करून ते सहलेखक म्हणून घातले! निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या मान्यवर पत्रिकेत प्रसिद्ध झाला.

या दोन मांजरांत महत्त्वाचा फरक आहे. विलर्डच्या निबंधात एक नाव खोटे होते, पण गणित खरे होते. कोणीही ते तपासू शकत होता. लॅरीच्या बाबतीत नाव आणि काम दोन्ही पोकळ होते, आणि तरीही आकडा खऱ्यासारखाच दिसत होता.

रिसर्चगेट हे २००८ मध्ये सुरू झालेले संकेतस्थळ निबंधांची देवाणघेवाण करण्यास उपयुक्त आहे. पण तेही अनेक वर्षे प्रत्येक सदस्याला एक स्वतःचा गुणांक देत असे. तो कसा काढतात हे कधीच पूर्णपणे जाहीर झाले नाही. ज्या मोजमापाची रीत दुसऱ्याला करून पाहता येत नाही, त्याला आपण प्रयोगशाळेत मोजमाप म्हणत नाही. टीका वाढल्यावर २०२२ मध्ये हा गुणांक बंद झाला. तोवर किती अर्जांवर तो अभिमानाने लिहिला गेला असेल!

याची झळ कोणाला?

हा सारा प्रकार परदेशी विद्वानांपुरता आहे असे समजण्याचे कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये महाविद्यालयीन शिक्षकांच्या नेमणुकीसाठी व बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. निबंधाला गुण मिळू लागताच पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावले. ज्याला अध्यापनात रस आहे, तो उत्तम शिक्षकही मग वर्गातला वेळ काढून आकड्यामागे धावतो. जो धावत नाही, त्याचे पान रिकामे दिसते आणि विद्यार्थी ते पाहून त्याला टाळतो. नुकसान दोघांचेही होते. निबंध कोणत्या पत्रिकेत आला यापेक्षा त्यात काय आहे ते पाहा, असे आवाहन करणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ मध्येच तयार झाला होता. जगातील अनेक संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत. आचरण मात्र सहीपेक्षा अवघड असते.

मग इंटरनेटवर ओळख ठेवूच नये काय? आमचे तसे म्हणणे नाही. रिकाम्या जागेत चुकीची माहिती येऊन बसते. गूगल स्कॉलर समान नावाच्या दुसऱ्याचे निबंध आपोआप आपल्या पानावर आणते. ते काढून टाकणे ही पानाच्या मालकाची जबाबदारी आहे, आणि न काढणे हा अप्रामाणिकपणा आहे. तेव्हा शिक्षकांनी आणि संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी नावाचे एकच रोमन रूप ठरवून ते कायम वापरावे. ऑर्किड क्रमांक पहिल्या निबंधापूर्वीच घ्यावा. वर्षातून दोनदा आपली पाने तपासावीत. सोडलेल्या संस्थेचे नाव आणि दुसऱ्याचे निबंध काढून टाकावेत. घरचा पत्ता, खाजगी दूरध्वनी आणि विद्यार्थ्यांची छायाचित्रे तेथे ठेवू नयेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शक्य तेथे प्रत्यक्ष काम ठेवावे : निरीक्षणांची नोंद, प्रयोगाची कृती, तयार केलेला पाठ.

अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ हे याचे उत्तम उदाहरण आहे. टाकाऊ वस्तूंपासून करायची शेकडो खेळणी आणि अनेक भाषांतील पुस्तके तेथे विनामूल्य मिळतात. त्यांचा निर्देशांक किती, असे कोणी विचारत नाही. खेळणे करून पाहिले की ते चालते की नाही हे मुलालाही कळते. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्याजवळ गणिताची पदव्युत्तर पदवी नव्हती आणि आपल्या बऱ्याच पुस्तिका त्यांनी स्वखर्चाने छापल्या. पण कोणतीही चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नसावेत), अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, सातव्या फेरीपर्यंत ६१७४ येतेच. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, ते या कामाकडे पाहून.

वरिष्ठ वर्गांत एक तास यासाठी द्यावा, असे आम्ही सुचवतो. एका संशोधकाचे पान विद्यार्थ्यांसमोर ठेवावे आणि प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने करावेत : ही माहिती कोणी भरली, कोणी तपासली, आपल्याला तपासता येईल का? नंतर त्यातील एक निबंध उघडून निदान त्याचा सारांश वाचावा. आकडा पाहून मत बनवण्याची सवय मोडायची, तर सुरुवात या वयातच व्हायला हवी.