पहिल्या अल्बमच्या आधी

ईदच्या दुसऱ्या दिवशी पाटणला आमच्या घरी पाव्हणे-रावळे जमतात. शिरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्या की गप्पांना एखादा वाद लागतोच. यंदा वाद निघाला गाण्यावरून. लोकप्रिय संगीतातला सर्वांत थोर पहिला अल्बम कोणता? कऱ्हाडला कॉलेजला जाणाऱ्या मुलांनी एकमुखाने ‘रोजा’ (१९९२) म्हटले. चाचांनी जगजित-चित्रा सिंग यांच्या ‘द अनफर्गेटेबल्स’ची (१९७६) बाजू घेतली, धाकट्या भावाने लकी अलीच्या ‘सुनो’ची (१९९६). आमच्या थोरल्या आपा स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाल्या, “माझं मत ‘डिस्को दीवाने’ला.” सगळे हसले. आम्हीही हसलो. ते हसणे नंतर आम्हाला खटकत राहिले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी ‘पहिला’ या शब्दाचा विचार करू. बीटल्सचा ‘प्लीज प्लीज मी’ १९६३ साली निघाला. त्यातल्या चौदा गाण्यांपैकी दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात ध्वनिमुद्रित झाली. ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगितली जाते. पण त्याआधी ही मुले हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्र रात्र गाऊन आली होती, हे विसरून चालणार नाही. अल्बम एका दिवसात झाला, तयारी काही एका दिवसाची नव्हती.

आपल्याकडेही तेच दिसते. जगजित सिंग १९६५ साली मुंबईला आले आणि ‘द अनफर्गेटेबल्स’ निघाला १९७६ साली. मधली अकरा वर्षे जाहिरातींची गाणी, छोट्या मैफली आणि वाट पाहणे यांत गेली. या तबकडीने गझल मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणली. तबल्याच्या जोडीला गिटार आली, सोप्या शब्दांच्या गझला निवडल्या गेल्या. चाचांचे प्रेम आम्हाला मान्य आहे. मात्र या गोडव्यात गझलेचा काटा थोडा बोथट झाला, हेही म्हटले पाहिजे. लकी अलींचा ‘सुनो’ आला तेव्हा ते अडतिसाव्या वर्षात होते. त्या किंचित खरखरीत, घाई नसलेल्या आवाजात भटकून आलेल्या माणसाचा थकवा आहे. विशीतल्या गायकाला तो उसना आणता आला नसता.

आता ‘रोजा’. चित्रपटाच्या गाण्यांना अल्बम म्हणावे का, अशी शंका कोणी काढील. परंतु आपल्या देशात कित्येक वर्षे कॅसेट म्हणजे सिनेमाचीच गाणी होती, तेव्हा ही शंका सोडून देऊ. ए. आर. रहमान नऊ वर्षांचे असताना त्यांचे वडील, संगीतकार आर. के. शेखर, वारले. घरची वाद्ये भाड्याने देऊन कुटुंब चालले. शाळकरी वयात रहमान इतरांच्या वाद्यवृंदात की-बोर्ड वाजवू लागले, पुढे जाहिरातींना संगीत देऊ लागले. ‘रोजा’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो हे सगळे झाल्यावर. त्यातली स्वच्छ ध्वनियोजना, दोन वाद्यांमधली मोकळी जागा आजही जुनी वाटत नाही. मुलांची निवड चुकीची नाही.

पण ‘रोजा’ हा रहमान यांचा पहिला अल्बम नव्हेच! १९८९ साली ‘दीन इसै मालै’ नावाची तमिळ कॅसेट निघाली होती. नावाचा अर्थ दीनच्या गीतांची माळ. इस्लामी भक्तिगीतांची ही कॅसेट थोर पहिल्या अल्बमांच्या यादीत कोणी धरत नाही. ‘रोजा’शी तिची बरोबरी करण्याचा आमचाही हट्ट नाही. आम्हाला महत्त्वाची वाटते ती तिची भाषा. तमिळ मुसलमानांना तमिळमधली भक्तिगीते नवी नव्हती. नागूर हनीफांनी ती अनेक दशके गायली होती. त्यामुळे नव्या संगीतकाराच्या अशा कॅसेटला ऐकणारा कान आधीच तयार होता.

वाचकहो, मराठीत हा कान आपण तयार केला का? शब्दांची उणीव म्हणावी तर श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचे इलाही जमादार (१९४६–२०२१) आयुष्यभर मराठी गझल लिहीत राहिले. तरी आमच्या मोहल्ल्यातल्या जलशात कोणी मराठी नात म्हणायला उठला, तर आधी आपलेच लोक एकमेकांकडे बघतात. उर्दूशी आमचे भांडण नाही. पण ज्या भाषेत आपण बाजारहाट करतो, रडतो आणि भांडतो, तिच्यात गायला आपण का लाजतो?

आता आपांच्या मताकडे वळू. नाझिया हसन कराचीच्या टीव्हीवर मुलांच्या कार्यक्रमात गात असे. ‘कुर्बानी’ (१९८०) मधल्या गाण्याने तिला हिंदुस्थानभर नाव आणि फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला. १९८१ साली बिद्दूंच्या संगीताने सजलेला ‘डिस्को दीवाने’ आला, भाऊ झोहेबसह. ती तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. अल्बमचे दोष उघड आहेत. शब्द पातळ आहेत, ठेका विलायतेहून आणलेला आहे, आवाजाची झेपही मर्यादित आहे. पण त्या आवाजात भीती नाही. परवानगी मागणाऱ्या मुलीचा सूर तो नाही. घरच्यांनी लहानपणापासून गाऊ दिलेल्या मुलीचा तो सूर आहे.

मुंबईहून मामूंनी ती कॅसेट आणली तेव्हा आपा आठवीत होत्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी त्यांचे गाणे असे. त्या वर्षी घरात ठरले, आता मुलगी मोठी झाली, पुरे झाले. ठरवणाऱ्यांत वडीलधारी होती. आम्ही लहान होतो, पण आपा रडत असताना कॅसेट आम्हीच लावून ठेवली होती. गाणे जायज की नाजायज, हा वाद जुना आहे आणि विद्वानांचा आहे. त्यात आम्ही पडत नाही. एवढेच म्हणतो की ज्या घरात ‘रोजा’ मोठ्या आवाजात वाजतो, त्या घराने हा प्रश्न फक्त मुलीच्याच वेळी काढू नये. रहमान ‘आपला’ म्हणून अभिमान मिरवायचा आणि आपल्या घरातला रियाझ बंद करायचा, हा हिशेब खोटा आहे.

म्हणून आमचे मत, उशिरा का होईना, आपांच्या बाजूला. संगीत म्हणून ‘रोजा’ श्रेष्ठ आहे. पण पहिला अल्बम म्हणून, म्हणजे कोणासाठी दार उघडले या कसोटीवर, आम्ही ‘डिस्को दीवाने’ला वर ठेवतो.

आपांची नात चौथीत आहे. ईदच्या त्या गर्दीत ती जिन्यावर बसून मोबाइलवरचे एक मराठी गाणे बरोबर सुरात म्हणत होती. कोणीतरी आतून हाक मारली, “अब बस करो.” आपा उठल्या, जिन्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, “म्हण गं, पूर्ण म्हण.” तिचा अल्बम निघेल की नाही, ते आज कोणी सांगू शकत नाही. तिला रोज तासभर गायला घरातली एक खोली मिळेल की नाही, हे मात्र आपल्यालाच ठरवायचे आहे.